गुरुवारचा पाव्हणा

खोटा हिशोब मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला तो निवृत्त झाल्यावर, आणि तोही पोटच्या पोरीसमोर.

त्याआधी एकतीस वर्षं मी बसचा कंडक्टर होतो. डेपो हुमनाबादचा. कधी कलबुर्गीची फेरी, कधी बसवकल्याणची, मधली काही वर्षं बिदर-उदगीर. रोज ड्यूटी संपली की कॅश काउंटरवर पिशवी ओतायची, नोटा लावायच्या, चिल्लर मोजायची आणि वे-बिलावरच्या तिकिटांशी रक्कम जुळवायची. कमी पडली तर आपल्या खिशातून भरायची. जास्त निघाली तर आणखी वाईट, चौकशी लागायची. त्यामुळे पैसा जुळला नाही तर मला अन्न गोड लागत नाही. ही सवय नोकरीची, माझा काही मोठेपणा नाही.

निवृत्तीनंतर सात महिन्यांनी माझी बायको गेली. हाती आलेल्या रकमेतला बराच भाग तिच्या कलबुर्गीच्या दवाखान्यात गेला. त्याचं मला वाईट वाटत नाही. उरलं ते थोडं पेन्शन, हळ्ळीखेडला भावाकडं बटईनं दिलेल्या शेतातून येईल ते, आणि मुलगी पाठवायची ते. मुलगी एकुलती एक. पुण्यात एका कंपनीत पगारपत्रकं करते.

विहारातल्या भंतेंनी आईचं पुण्यानुमोदन केल्यावर ती आठवडाभर माझ्याजवळ राहिली. पाहुणे गेले, सतरंज्या गोळा झाल्या, आणि एका दुपारी ती माझा मोबाइल घेऊन बसली. बँकेचे मेसेज चाळता चाळता तिनं मान वर केली.

"अप्पा, दर महिन्याला एकशे एकोणपन्नास रुपये कुठं जायलेत?"

"कुठं जायलेत?"

"तुमीच सांगा. पाच महिन्यापासून कटायलेत."

मी कधीतरी क्रिकेट बघायला काहीतरी दाबलं होतं. पहिला महिना फुकट होता. पुढचं मला माहीत नव्हतं. तिनं ते बंद केलं. मग तिनं पासबुक काढलं आणि मी दर आठवड्याला काढलेल्या रकमांवर बोट ठेवत गेली. हे कशाला, हे कशाला. मला एकाचंही उत्तर देता येईना. बायको होती तोवर मी पगार तिच्या हातात ठेवायचो, ती मला रोज चहापाण्याचे पैसे द्यायची. डेपोचा हिशोब माझा होता, घराचा तिचा.

"मी तुमाला एक तक्ता करून देते," मुलगी म्हणाली. "मोबाइलवरच. रोज लिहायचं."

"मला हिशोब शिकवतीस व्हय? एकतीस वर्षं वे-बिल लिवलंय मी."

"म्हणूनच म्हणते की. तुमाला जड जायचं न्हाई."

तक्त्यात चार रकाने होते. तारीख, कशाला, किती आणि शेरा. वरच्या बाजूला तिनं महिन्याचे भाग पाडून दिले: किराणा, दूध-भाजी, दवा-गोळ्या, लाइटबिल, पाव्हणे व इतर. प्रत्येकाला किती पैसे ते ठरलेलं. खर्च हद्दीत असला की त्या भागाचा रंग हिरवा, पुढे गेला की लाल. दोन दिवस माझ्याकडून गिरवून घेतलं आणि ती पुण्याला गेली.

टाइप करायला बोटं चालत नव्हती, म्हणून तिनं बोलून लिहायचं शिकवलं होतं. पण मोबाइलला आमची भाषा कळायची नाही. मी "शेंगाचं कूट" म्हटलं की तो "शेंगांचं कुठं" लिहायचा. "कोतमीर" म्हटलं की भलतंच. शेवटी मी रोज संध्याकाळी खाटेवर बसून, पुण्याचा माणूस असल्यासारखं, "कोथिंबीर, दहा रुपये" असं स्वच्छ बोलायला लागलो. दिवसभरात तोंडातून निघणारे तेवढेच शब्द असायचे.

हे मी वाढवून सांगत नाही. कंडक्टरचं तोंड दिवसभर चालू असतं. कानडी, मराठी, दखनी, ज्याला जी समजेल ती. पुढे सरका, पास दाखवा, सुट्टे द्या, पोराला मांडीवर घ्या. घरी आलो की मला बोलावंसं वाटायचं नाही, आणि बायको म्हणायची, सगळं बोलणं गाडीत वाटून येताव, माझ्या वाट्याला काय? आता वाटायला बोलणं शिल्लक होतं, पण घरात दुसरं माणूस नव्हतं. दूधवाला पिशवी दारात अडकवून जायचा. किराणा मी यादी देऊन आणायचो. भाजीवाल्याला खुणेनंही चालतं.

पंधराएक दिवसांनी एका संध्याकाळी, साडेसातच्या सुमारास, मी तक्त्यात दुधाचे पैसे लिहीत होतो. अचानक वरच्या कोपऱ्यात मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर आलं, गोल चकतीत. आणि तक्त्यातल्या एका घराभोवती जांभळी चौकट उमटली. ती चौकट खाली सरकली. थांबली. पुन्हा सरकली. माझी लाइटबिलाची ओळ, मग गोळ्यांची, मग कालच्या केळ्यांची.

मला वाटलं काहीतरी बिघडलं. मी फोन केला.

"अप्पा, मी उघडलंय ते. ऑफिसच्या गाडीत बसलेव. तुमी काय लिहिलाव ते बघायलेव."

"म्हंजे तू आता हितंच हायस?"

ती हसली. "तसंच समजा."

मी तसंच समजलो. दुसऱ्या दिवसापासून सव्वासातला तोंड धुऊन, चष्मा पुसून मी तयार बसू लागलो. जांभळी चौकट आली की माझ्या तोंडून निघायचं, "आलीस?" कधी ती शेऱ्यात काही लिहायची. "गोळ्या संपायच्या आधी आणा." "केळी एकदम डझन कशाला?" मी खाली उत्तर लिहायचो. रविवारी तिचा फोन यायचा, पण फोनवर आमचं जमायचं नाही. जेवलाव का, जेवलो. तू जेवलीस का, जेवले. एवढंच. फोन ठेवल्यावर मला दहा गोष्टी आठवायच्या. तक्त्यात तसं नव्हतं. तिथं आम्हाला बोलायला काहीतरी समोर होतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की ज्या दिवशी सहा-सात ओळी असतात त्या दिवशी चौकट बराच वेळ फिरते. एक-दोन ओळी असल्या की येते आणि लगेच जाते.

पावसाळा संपता संपता एक दिवस मी काहीच विकत घेतलं नाही. सकाळचं दूध, बस्स. भाकरी थापायला मला येत नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईकडून भाकऱ्या आणायचो, तिथंही त्या दिवशी गेलो नाही. चहात बिस्किट बुडवून खाल्लं आणि पडून राहिलो. संध्याकाळी चौकट आली. दुधाच्या ओळीवर थांबली. शेऱ्यात अक्षरं उमटली, "फक्त दूध? जेवलात का?"

मी घाईघाईनं खालची ओळ भरली. "मेथी दोन जुड्या. वीस रुपये."

चौकट तिथं आली. "शाबास अप्पा." मग आणखी एक ओळ. "आई मेथीत शेंगाचं कूट घालायची. घातलंत का?"

"घातलं," मी लिहिलं.

त्या दिवशी ती बारा-पंधरा मिनिटं थांबली होती.

पण मला झोप लागेना. मेथीचे वीस रुपये शर्टाच्या खिशातच होते. तक्ता म्हणत होता की ते गेले. खिसा म्हणत होता की आहेत. सकाळी उठल्या उठल्या मी ते वीस रुपये काढले आणि खुंटीवर टांगलेल्या माझ्या जुन्या चामड्याच्या पिशवीत टाकले. आता खिसा आणि तक्ता जुळले. माझं मलाच हसू आलं. खोटं लिहिलं ते लिहिलं, वर ते जुळवूनही ठेवलं.

एकदा सुरू झाल्यावर ते थांबलं नाही. न खाल्लेली वांगी, न आणलेलं दही, न कापलेले केस. प्रत्येकाचे पैसे पिशवीत. भाजीचे भाव खरे वाटावेत म्हणून मी बाजारात जाऊन भाव विचारून यायचो आणि काही न घेता परतायचो. आणि मग एका गुरुवारी मी लिहिलं, "भजी आणि दूध जास्तीचं. जुना ड्रायव्हर आला होता. साठ रुपये."

हा ड्रायव्हर माझा अकरा वर्षांचा जोडीदार. गाव राजेश्वर. बसवण्णाला मानणाऱ्या लिंगायत घरातला, गळ्यात लिंग, घरात कानडी, बाहेर आमच्याइतकीच मराठी. पहिल्या वर्षी आम्ही आपापले डबे घेऊन वेगवेगळ्या बाकावर जेवायचो. तो काही म्हणाला नव्हता, मीही नाही, पण दोघांनाही आपली पायरी शिकवलेली होती. मग एकदा बसवकल्याणला गाडी उभी असताना तो माझ्या बाकावर येऊन बसला आणि न विचारता माझ्या डब्यातली चटणी उचलून खाल्ली. "तिखट हाय," एवढंच म्हणाला. तेव्हापासून डबे एक झाले. माझी मुलगी त्याला काका म्हणायची. माझी बायको गेली तेव्हा तो आला होता, जाताना म्हणाला, "घरी ये, बसू." मी गेलो नाही. मग दोनदा फोन केला, वाजून वाजून बंद झाला. मला वाटलं, याचंही आता पोराबाळांत मन लागलं असेल. मीही पुन्हा केला नाही. हुमनाबादहून राजेश्वर बसनं फार लांब नाही.

"काका आले होते?" चौकट त्या ओळीवरच थांबली. "कसे आहेत?"

"बरा आहे. गुडघा दुखतो म्हणाला."

"अप्पा, किती बरं वाटलं वाचून. दर गुरुवारी बोलवा की त्यांना."

म्हणून तो दर गुरुवारी येऊ लागला. मी त्याच्यासाठी भजी आणायचो, कधी चुरमुऱ्यांचा सुशीला करायचो, एकदा तर त्याला आंबट नको म्हणून वेगळं ताक आणलं. तो काय बोलला तेही शेऱ्यात लिहायचो. नातवाला शाळेत घातलं. घरावर पत्रे नवे टाकले. लिहिताना मला त्याचा आवाज ऐकू यायचा, म्हणून ते खोटं असल्यासारखं वाटायचं नाही. मुलगीही खूश. गुरुवारी चौकट लवकर यायची.

दुसऱ्या महिन्यात "पाव्हणे व इतर" लाल झालं. मला भीती वाटली, आता ही विचारणार. तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या भागाची हद्द वाढवलेली आणि रंग परत हिरवा. महिन्याच्या एक तारखेला तिनं दीड हजार जास्त पाठवले. मी विचारलं तर म्हणाली, "पगार वाढलाय, अप्पा. तुमी नका काळजी करू."

संक्रांतीच्या आठवड्यात ती चार दिवस येणार होती. तिनं दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. मी तिची खोली झाडून घेतली, गादी उन्हात घातली, तिच्या आईची पांढरी चादर धुऊन काढली. आठ दिवस आधी तिचा फोन आला, रविवार नसताना.

"अप्पा, ह्या खेपेला न्हाई जमायचं."

"कामून? सुट्टी न्हाई दिली?"

"सुट्टी हाय. पर त्या दिवसांत काम केलं की डबल पैसे देतेत. म्हटलं करावं." ती पुढे म्हणाली, "आन् आता तुमचं बरं चाललंय की. नीट खायलाव, काका येतेत. आधी मला लई धाकधूक असायची. आता मी निवांत हाव."

"व्हय माय," मी म्हटलं. "काम बघ. काम म्हत्त्वाचं."

फोन ठेवला आणि मी उन्हात घातलेली गादी आत आणून गुंडाळून ठेवली. ती वाढीव पैसे कुठून आणत होती ते आता कळलं. मी न खाल्लेल्या भज्यांसाठी ती सणाला काम करणार होती, आणि मी एकटा नाही असं मीच तिला पटवलं होतं म्हणून ती येणार नव्हती. कुणाला दोष द्यायलाही जागा नव्हती.

दोन दिवस मी तक्ता उघडलाच नाही. तिसरा दिवस गुरुवार होता. सकाळी आंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला, पाव किलो पेढे घेतले आणि राजेश्वरची गाडी धरली. निदान एक तरी गुरुवार खरा व्हावा असं मनात होतं. गाडीत बायकांची गर्दी, त्यांना सरकारी योजनेतलं फुकट, शून्याचं तिकीट. कंडक्टर तरुण बाई होती. तिनं मला "आजोबा, कुठं?" म्हणून विचारलं. मी तिकीट घेतलं. आपणही याच नोकरीत होतो हे सांगावंसं वाटलं, पण ती पुढे सरकली.

ड्रायव्हरच्या घराचं दार उघडंच होतं. त्याची बायको ओट्यावर तूर पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"बन्नी अण्णा, या. लई दिसानं याद आली."

"हाय का घरात?"

"आता कुठं जातेत ते?" ती म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला.

तो आत खाटेवर पडलेला होता. उजवा हात, उजवा पाय निर्जीव. तोंड एका बाजूला ओढलेलं. दसऱ्याच्या आधी एका सकाळी बैलाला पाणी दाखवताना पडला म्हणे. बिदरला नेलं, जीव वाचला, वाचा गेली. मी मनात दिवस मोजले. दसऱ्यानंतरच माझ्या तक्त्यात तो पहिल्यांदा भजी खायला आला होता. मी त्याचा गुडघा दुखवला, घरावर पत्रे टाकले, आणि तो इथं असा पडून होता.

"मी फोन केला होता," मी त्याच्या बायकोला म्हणालो. "कुणी उचलला न्हाई."

"फोन वाजला की ते रडायचे, अण्णा. बोलाय येईना. मग बंदच करून ठेवला."

मी खाटेच्या कडेला बसलो. त्यानं मला ओळखलं. डावा हात पुढे केला, माझं मनगट घट्ट धरलं आणि त्याच्या तोंडातून शब्द निघाला, "रैट."

मला वाटलं मला भास झाला. पण तो पुन्हा म्हणाला. "रैट. रैट."

"तेवढाच एक शब्द राहिलाय," त्याची बायको म्हणाली. "पानी पायजे तरी रैट, दुकलं तरी रैट. डॉक्टर म्हनले, असं होतं कुना कुनाला."

तो शब्द ड्रायव्हरचा नाही. तो कंडक्टरचा असतो. शेवटचा माणूस चढला की मागच्या दारातून मी ओरडायचो, रैट, आणि तो गाडी सोडायचा. अकरा वर्षं त्यानं तो माझ्याकडून ऐकला होता. त्याचे स्वतःचे सगळे शब्द गेले आणि माझा तेवढा राहिला होता. मी दुपारपर्यंत तिथं बसलो. मी बोलत होतो आणि तो रैट म्हणत होता, कधी हळू, कधी चिडून, एकदा हसून. पेढा कुस्करून त्याच्या तोंडात घातला. निघताना त्यानं माझं मनगट सोडलं नाही. त्याच्या बायकोनं एकेक बोट उचलून सोडवलं.

घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. मी तक्ता उघडला आणि मेथीच्या जुड्यांपासून सुरुवात केली. प्रत्येक खोट्या ओळीच्या शेऱ्यात एकच शब्द लिहीत खाली आलो. "खोटं." वांगी, खोटं. दही, खोटं. भजी, खोटं. बोटानं एकेक अक्षर टाइप केलं, कारण ते तोंडानं म्हणायला नको वाटत होतं. निम्म्यावर आलो आणि जांभळी चौकट उमटली. ती मी लिहिलेल्या ओळीवर येऊन थांबली. मी पुढची लिहिली, ती पुढच्यावर आली. ती काही लिहीत नव्हती. मी लिहायचो आणि ती मागून यायची, शेवटच्या गुरुवारपर्यंत.

मग फोन वाजला.

"हे काय हाय, अप्पा?"

"खरं हाय ते."

"म्हंजे काका..."

"काका अंगावरनं वारं जाऊन पडलाय. दसऱ्यापासनं. मला आज कळालं."

तिकडून गाड्यांचे आवाज येत होते. ती म्हणाली, "कामून केलाव असं?"

"ओळी जास्ती असल्या की तू थांबायचीस."

"कुठं थांबायचे?"

"तक्त्यात. तुझा तो जांभळा चौकोन. दोन ओळी असल्या की जायचा लगेच."

मला वाटलं ती रडेल, किंवा हसेल. ती चिडली. "मला सांगायचं की, एकटं वाटायलंय म्हणून! सरळ सांगता येत न्हाई तुमाला? मी सुट्टीचं काम घेतलंय अप्पा, तुमच्या पाव्हण्यांपायी. जेवनाचे पैसे तोडून पाठवलेव तुमाला." आणि फोन बंद झाला.

तिचं बरोबर होतं. मी परत फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी चामड्याची पिशवी खाटेवर ओतली आणि डेपोत ओतायचो तशी रक्कम लावली. तीन हजार आठशे साठ. खोट्या ओळींची बेरीजही तेवढीच, एक रुपया इकडे तिकडे नाही. बँकेत भरून मी ते तिच्या खात्यावर पाठवले. तक्त्यात लिहिलं, "परत."

नऊ दिवस चौकट आली नाही. मी खरं तेवढं लिहीत राहिलो. दूध. दूध, भाकरी. दूध. साडेसात वाजायचे, पावणेआठ व्हायचे. मी मोबाइल खाटेवर पालथा ठेवायचो आणि पुन्हा उलटून बघायचो. संक्रांत त्याच दिवसांत आली आणि गेली. शेजारच्या घरातून तिळगुळाची वाटी आली, मी ती रिकामी करून, धुऊन परत दिली. घरात भांडण झालं तर माणूस निदान समोर असतं. तिनं माझ्याशी अबोला धरलाय की कामात आहे, हेही इथून कळायला मार्ग नव्हता.

दहाव्या दिवशी तक्ता उघडला तर तळाशी, माझ्या पानाच्या शेजारी, आणखी एक पान होतं. वर लिहिलं होतं, "पुणे." ते तिच्या खर्चाचं पान होतं, जून महिन्यापासूनचं. माझ्यासारखेच चार रकाने. मी चष्मा नीट केला आणि वरून वाचायला लागलो.

जूनमध्ये भाडं दुप्पट झालेलं होतं. शेऱ्यात लिहिलं होतं, "खोलीतली जोडीदारीण लग्न होऊन गेली. खोली एकटीला." पुढे सकाळचा चहा, एक. दुपारचं ताट, एक. रविवारी सिनेमाचं तिकीट, एक. तिच्या वाढदिवसाला केक होता, तोही एका माणसाचा छोटा. एकतीस वर्षं तिकिटं फाडल्यावर माणसाला एवढं कळतं, की कोण सोबतीनं चाललंय आणि कोण एकटं. दसऱ्यानंतर रात्रीच्या जेवणाच्या ओळी विरळ होत गेल्या आणि मग बंदच झाल्या. त्याच दिवसांत माझ्या नावावर पाठवलेल्या रकमा वाढल्या होत्या. तिनं कुठंही शेरा लिहिला नव्हता.

मी फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"बघितलाव?"

"बघितलं. सांजच्याला काय खातीस तू? तिथं काईच न्हाई."

"बिस्किट. कधी काय न्हाई."

"आन् मला लिवतीस, जेवलाव का म्हनून."

ती म्हणाली, "म्हणूनच चिडले मी. तुमी खोटं लिहिलाव, मी लिहिलंच न्हाई. फरक काय?"

फरक होता. मी बाप होतो. पण त्या वेळी मी ते बोललो नाही.

ती मार्चमध्ये आली, दोनच दिवस. आम्ही राजेश्वरला जाऊन आलो. ड्रायव्हरनं तिचं मनगट धरलं आणि तोच शब्द म्हटला, आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली. मी आता जमेल त्या गुरुवारी तिकडे जातो आणि बसभाडं लिहितो. त्याच्यात फारसा फरक नाही. डॉक्टरांनीही आशा दाखवलेली नाही. माझा महिन्याचा खर्च हद्दीत राहतो, बरेचदा थोडे पैसे उरतातही. वाढवलेली हद्द मुलीनं परत खाली आणली आहे. घरात मात्र संध्याकाळ तशीच होते. तक्त्यात चौकट कधी येते, कधी चार-चार दिवस येत नाही. तिला काम असतं. तिला सगळं सांगायचं असं मी ठरवलं आहे, पण एकटं वाटतंय हे शेऱ्यात कसं लिहायचं ते मला अजून जमलेलं नाही. एकदा लिहिलं आणि पुसून टाकलं.

मागच्या महिन्यात तिच्या पानावर एक नवी ओळ आली. "शेगडी आणि छोटा कुकर." दोन दिवसांनी तुरीची डाळ. रविवारी सकाळी फोन वाजला.

"अप्पा, आई वरणाला पानी किती घालायची? आन् हिंग आधी का नंतर?"

मी आठवून बघितलं. तेहतीस वर्षं मी ते वरण खाल्लं होतं, एकदाही चुलीकडं वळून बघितलं नव्हतं.

"मला म्हाईत न्हाई, माय."

"थोडं बी न्हाई?"

"वाटीनं घालायची. किती वाट्या ते न्हाई बघितलं."

"मग मी तीन घालते," ती म्हणाली. "तुमी बी लावा आता. बघू कुनाचं होतं ते."

मी डाळ धुतली, तीन वाट्या पाणी घातलं आणि फोन फळीवर उभा करून ठेवला. तिकडं तिचा कुकर चढलेला, इकडं माझं पातेलं. हिंग मी आधी घातला, तिनं नंतर. बोललो फारसं नाही. मधेच ती विचारायची, उकळी आली का, मी म्हणायचो, न्हाई अजून. तासाभरानं आम्ही दोघांनी चाखून बघितलं. तिचं खाली लागलं होतं. माझ्या डाळीला अजून कणी होती. तिच्या आईच्या वरणासारखं दोन्हीकडं काही झालं नव्हतं.